मुलींच्या माध्यमिक शाळेत संगणकशास्त्र कसे शिकवावे: आठवी ते दहावीसाठी कामाची पद्धत

हा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तालुक्याच्या गावातील मराठी माध्यमाची मुलींची माध्यमिक शाळा आहे. वर्गात ५० मुली आहेत, संगणक कक्षात १५ संगणक आहेत, त्यांपैकी २ बहुधा बंद आहेत, आणि आठवड्याला ३५ मिनिटांच्या २ तासिका मिळतात. ज्या शाळांची परिस्थिती याहून बरी आहे त्यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील; मात्र आकडे याच शाळेचे धरले आहेत, कारण महाराष्ट्रातील अनेक शिक्षकांची अडचण याच आकड्यांची असते.

मुलींच्या शाळेत संगणक शिकवणे सोपे असते, कारण माउस हिसकावून घेणारी मुले तिथे नसतात, असे अनेकदा म्हटले जाते. त्यात थोडे तथ्य आहे, पण खरी अडचण वर्गाबाहेरची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ३३.३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, तर पुरुषांमध्ये हे प्रमाण ५७.१ टक्के होते. आणि स्वतः वापरता येईल असा मोबाइल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. घरात एकच फोन असेल तर तो वडिलांबरोबर किंवा भावाबरोबर बाहेर जातो, आणि लॅपटॉप असलाच तर तो कॉलेजात जाणाऱ्या भावाचा असतो. म्हणून माझे नियोजन एकाच गृहीतकावर उभे आहे: मुलीला संगणक मिळतो तो शाळेच्या तासिकेतच. संगणक लागेल असा गृहपाठ द्यायचा नाही, तासिकेतले काम तासिकेतच पूर्ण होईल एवढेच ठेवायचे, आणि यंत्रासमोरचे प्रत्येक मिनिट मोजून वापरायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

जूनमध्ये, पहिल्या तासिकेपूर्वी

सर्वांत आधी मुख्याध्यापिकांकडून २ सुट्या तासिकांऐवजी ७० मिनिटांची १ जोड तासिका मागून घ्यावी. ३५ मिनिटांत कक्षात पोहोचणे, चपला काढणे, संगणक सुरू होणे आणि हजेरी यांतच १०-१२ मिनिटे निघून जातात; जोड तासिकेत हा खर्च एकदाच होतो. वेळापत्रक तयार करणाऱ्या शिक्षकांना हे पटवणे हे वर्षातील सर्वांत फलदायी काम आहे, कारण त्याने एक पैसाही खर्च न होता प्रत्यक्ष कामाचा वेळ वाढतो.

दुसरे काम म्हणजे निनावी चिठ्ठ्यांवर चार प्रश्न विचारणे: घरी स्वतःला वापरता येईल असा फोन आहे का, संगणकावर आजवर कधी काम केले आहे का, त्यावर काय केले, आणि या विषयाची कोणती भीती वाटते. हात वर करायला सांगू नये. ज्यांच्या घरी काहीच नाही त्या मुली हात वर करत नाहीत, आणि ज्यांच्याकडे आहे त्या पहिल्याच दिवशी वर्गातील हुशार ठरतात. या चिठ्ठ्यांमधून आलेली भीती मी वहीत उतरवून ठेवते. ‘माझ्या हातून काहीतरी बिघडेल’ हे वाक्य त्यांत दरवर्षी असते. म्हणून पहिल्या दिवशी एक जुना, बंद पडलेला संगणक उघडून टेबलावर ठेवावा, मुलींना त्यातील भाग हातात घेऊ द्यावेत, आणि कळ दाबल्याने यंत्र मोडत नाही हे स्वच्छ शब्दांत सांगावे.

तिसरे काम तांत्रिक आहे. सर्व संगणकांवर स्क्रॅच (चित्रमय ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याचे साधन) आणि पायथॉन (ओळी लिहून प्रोग्रॅम करण्याची भाषा) इंटरनेटशिवाय चालतील अशा रीतीने बसवून घ्यावेत, मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक सुरू करावा, आणि प्रत्येक जोडीच्या नावाचा एक फोल्डर ठरावीक यंत्रावर तयार करावा. आठवड्यातून एकदा सगळे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याची जबाबदारी शिक्षकाने स्वतःकडे ठेवावी. मुलीचे चार आठवड्यांचे काम एका बिघाडाने गेले तर ती पुन्हा तेवढ्या उमेदीने बसत नाही.

५० मुली आणि १३ चालू संगणक

वर्गाचे २५-२५ चे दोन गट करावेत. जोड तासिकेच्या पहिल्या अर्ध्या भागात एक गट यंत्रावर आणि दुसरा त्याच कक्षात जमिनीवर किंवा बाकांवर वही घेऊन बसेल; मध्यंतरी दोघांची अदलाबदल होईल. यंत्रावरील २५ मुलींच्या ११ जोड्या आणि १ तिघींचा गट होतो, म्हणजे १२ संगणक लागतात आणि १३ वा राखीव राहतो. तो राखीवच ठेवावा, कारण तासिका चालू असताना एखादे यंत्र बंद पडणारच.

जोडीमध्ये एकीच्या हातात कळफलक असतो आणि दुसरी पुढची ओळ सांगते व चुका पकडते. हे वाटप आपोआप न्याय्य राहत नाही. मुलींच्या वर्गातही जिला थोडे येते तीच कळफलक धरून बसते आणि दुसरी समजूतदारपणे बाजूला सरकते. ‘तू कर, मी बघते’ हे वाक्य ऐकू आले की शिक्षकाने तिथे जावे. मी ७ मिनिटांचा गजर लावते. गजर वाजला की कळफलक बदलतो, वाक्य अर्धे राहिले असले तरी बदलतो. ३० उपयुक्त मिनिटांत प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे १४ मिनिटे येतात, तिघींच्या गटात १०. हा वेळ फार थोडा आहे, आणि म्हणूनच वहीवर बसलेल्या गटाचे काम वेळ घालवण्याचे नसून यंत्रावर जाण्याची प्रत्यक्ष तयारी असले पाहिजे.

आणखी एक नियम शिक्षकासाठी आहे: मुलीचा माउस आपण हातात घ्यायचा नाही. अडलेल्या मुलीला वाचवण्याच्या घाईत आपण दोन क्लिक करून देतो आणि पुढे सरकतो. तिच्या मनात मात्र हे काम आपल्याला जमणारे नव्हते, ही नोंद राहते. बोट पडद्याकडे दाखवावे, प्रश्न विचारावा आणि थांबावे.

पहिले ३ आठवडे: यंत्राला हात न लावता

न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठातून टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे अनेक खेळ जगभर पोहोचवले. त्यांतील तीन आपल्या मैदानावर उत्तम चालतात.

पहिला खेळ हजेरीपटाचा आहे. ५० नावांच्या, अकारविल्हे लावलेल्या यादीतील एक नाव मनात धरावे आणि मुलींनी हो किंवा नाही असे उत्तर येणारे प्रश्न विचारून ते शोधावे. सुरुवातीला त्या एकेक नाव विचारतात. मग कोणीतरी ‘ते नाव मधल्या नावाच्या आधी येते का?’ असे विचारते, आणि ६ प्रश्नांत उत्तर मिळते. ६ का, हे त्यांनाच शोधू द्यावे: दर प्रश्नाला यादी निम्मी होते आणि २ चा सहा वेळा गुणाकार ६४ होतो. यादी अकारविल्हे नसती तर काय झाले असते, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो सोडू नये, कारण माहिती क्रमाने लावण्याचे मोल तिथे कळते.

दुसरा खेळ म्हणजे फरशीवर खडूने आखलेल्या वाटांवरून ६ मुलींनी चालणे. प्रत्येकीच्या हातात एक संख्या असते; दोघी जिथे भेटतात तिथे संख्यांची तुलना होते, लहान संख्या डावीकडे आणि मोठी उजवीकडे जाते. योग्य रीतीने आखलेल्या वाटांवर १२ तुलनांत सर्व संख्या चढत्या क्रमाने येतात, तर प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करायची म्हटली तर १५ लागल्या असत्या. एकाच वेळी दोन किंवा तीन जोड्या तुलना करू शकतात हेही त्यांना चालताना दिसते. संख्यांऐवजी शब्द दिले तरी वाटांचे जाळे तेच राहते, हे करून पाहावे.

तिसरा खेळ १६, ८, ४, २ आणि १ ठिपक्यांच्या पाच पत्त्यांचा आहे. पत्ते उघडून किंवा झाकून ० ते ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या दाखवता येते, आणि द्विमान पद्धतीची (फक्त ० आणि १ यांनी संख्या लिहिण्याची) व्याख्या सांगण्याची गरजच उरत नाही.

याच काळात बेब्रास या स्पर्धेचे प्रश्न वर्गात सोडवावेत. ही स्पर्धा २००४ मध्ये लिथुएनियात सुरू झाली आणि आता भारतातही होते. तिच्या प्रश्नांना संगणकाचे पूर्वज्ञान लागत नाही, केवळ नीट विचार लागतो. त्यामुळे ज्या मुलीने कधीही यंत्र पाहिलेले नाही ती इथे पहिली येऊ शकते. असे घडले की ते वर्गासमोर नाव घेऊन सांगावे.

आठवी: स्क्रॅच, पण मर्यादेत

स्क्रॅचचे ठोकळे जोडताना टंकलेखनाच्या चुका होत नाहीत आणि परिणाम लगेच दिसतो, म्हणून आठवीसाठी ते योग्य साधन आहे. १० ते १२ जोड तासिकांत पुनरावृत्ती, अट, चल (किंमत साठवून ठेवणारे नाव) आणि संदेश या चार कल्पना पक्क्या व्हाव्यात. मांजर नाचवण्यात सगळे वर्ष जाऊ देऊ नये. पेनचा वापर करून चौरस काढावा, तो १० अंशांनी फिरवून ३६ वेळा काढावा, आणि ३६ गुणिले १० म्हणजे ३६० हे मुलींनी स्वतः सांगेपर्यंत थांबावे.

इथे उदाहरणांबद्दल एक मत मांडते. मुलींची शाळा म्हटले की रांगोळी, पाककृती आणि दागिने यांचीच उदाहरणे घेतली जातात. ठिपक्यांची रांगोळी ही भूमिती आणि पुनरावृत्ती शिकवण्यासाठी अतिशय चांगली आहे आणि मी ती घेते, परंतु तीच एक नव्हे. खो-खोचे गुणफलक, एसटीचे वेळापत्रक, डेअरीच्या पावतीवरील फॅट आणि दर, शाळेच्या पर्जन्यमापकातील पावसाच्या नोंदी ही सारी त्यांच्याच जगातील माहिती आहे. मुलींना कशात रस असेल हे आपण आधीच ठरवून टाकले की त्यांच्यासाठी विषयाची हद्द लहान होते.

नववी: पायथॉन आणि मराठी

नववीत पायथॉनकडे वळताना मराठी माध्यमाच्या मुलींपुढे एकाच वेळी दोन भाषा उभ्या राहतात: इंग्रजी आणि पायथॉन. हा भार वेगवेगळा करून उचलता येतो. पायथॉनमध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात. ‘शिल्लक’, ‘वय’, ‘बेरीज’ ही नावे थेट चालतात. त्यामुळे पडद्यावर जे इंग्रजी उरते ते भाषेचे मोजके राखीव शब्द असतात, आणि बाकीचे आपले असते. पहिले दोन महिने अशी नावे वापरावीत आणि नंतर हळूहळू रोमन लिपीतील नावांकडे जावे, कारण पुढच्या वर्गांत त्यांना तीच दिसणार आहेत. एक सूचना मात्र लक्षात ठेवावी: ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र काही कळफलकांवर अदृश्य जोडचिन्ह घालून उमटतो, आणि ते चिन्ह चलाच्या नावात आले की पायथॉन चूक दाखवतो. पडद्यावर काहीच चुकलेले दिसत नसल्यामुळे मुली गोंधळून जातात. असे शब्द चलांच्या नावांत टाळावेत.

अंकांचेही असेच आहे. वापरकर्त्याने देवनागरी अंकांत ‘२५’ असे लिहिले तरी पायथॉनचे इंट हे फंक्शन त्याची बरोबर संख्या करते. पण प्रोग्रॅमच्या ओळीत थेट देवनागरी अंक लिहिलेला चालत नाही. मजकूर आणि संख्या यांत काय फरक असतो हे शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

मजकुराचा धडा तर मराठीतच घ्यावा. फळ्यावर ‘विद्यार्थिनी’ हा शब्द लिहून त्यात किती अक्षरे आहेत असे विचारावे. मुली ४ म्हणतात: वि, द्या, र्थि, नी. मग पायथॉनला लांबी विचारावी. तो १२ सांगतो. हे कसे झाले ते शोधायला त्यांना १५ मिनिटे द्यावीत. युनिकोडमध्ये प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक हलन्त चिन्ह यांना स्वतंत्र क्रमांक असतो, ‘अ’ चा क्रमांक २३०९ आणि ‘क’ चा २३२५ आहे, हे त्यानंतर सांगावे. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे हा एक शब्द ३६ बाइटांचा होतो. तोच शब्द उलटा करायला सांगितला की मात्रा भलत्याच अक्षरांवर जाऊन बसतात, आणि संगणक शब्द वाचत नाही, क्रमांकांची रांग हाताळतो, हे सर्वांना डोळ्यांनी दिसते. इंग्रजी उदाहरणांनी हा धडा इतका खोल जात नाही.

एका तासिकेची घडण

इंग्लंडमधील सू सेंटन्स यांनी मांडलेली पाच पायऱ्यांची रीत मी मराठी नावांनी वापरते: ओळखा, चालवा, तपासा, बदला, घडवा. वहीवरचा गट ‘ओळखा’ करतो: छापून दिलेला ८-१० ओळींचा प्रोग्रॅम वाचून काय उमटेल ते शाईने लिहितो. पेन्सिलीने नको, कारण चुकीचा अंदाज खोडायचा नसतो, तो का चुकला हे पाहायचे असते. यंत्रावर गेल्यावर तोच प्रोग्रॅम चालवला जातो, प्रश्नांच्या आधारे तपासला जातो, एकदोन ठिकाणी बदलला जातो. स्वतःचा नवा प्रोग्रॅम घडवणे ही शेवटची पायरी असून ती दर तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यालाच येते. रिकाम्या पडद्यासमोर मुलीला बसवून ‘लिही’ म्हणणे हा तिचा आत्मविश्वास घालवण्याचा सर्वांत वेगवान मार्ग आहे.

वहीवरच्या गटासाठी दुसरे साधन म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळी कापून केलेल्या चिठ्ठ्या, ज्या योग्य क्रमाने लावायच्या असतात. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये हा प्रकार मांडला. वापरलेल्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर ओळी लिहिल्या तर वर्षभर टिकतात. त्यांत एक-दोन फसव्या ओळी मिसळाव्यात.

उदाहरणासाठी नववीच्या दुसऱ्या सत्रातील माझा आवडता प्रकल्प सांगते. बचत गटातून ५००० रुपये कर्ज घेतले, ते ५०० रुपयांच्या १० मासिक हप्त्यांत फेडायचे आणि व्याज दरमहा २ टक्के. व्याज उरलेल्या रकमेवर लावले तर एकूण किती होते, आणि दर महिन्याला मूळ रकमेवरच लावले तर किती? मुली आधी वहीत तक्ता करतात: महिना, शिल्लक, व्याज, हप्ता. मग तोच तक्ता पुनरावृत्तीने यंत्राकडून करून घेतात. पहिल्या रीतीत व्याज ५५० रुपये येते, दुसऱ्या रीतीत १०००. हा आकडा पाहिल्यावर वर्गात काही क्षण कोणी बोलत नाही, कारण अनेकींच्या आया बचत गटात आहेत. दुसऱ्या दिवशी घरच्या पासबुकातील व्याज कोणत्या रीतीचे आहे हे विचारत मुली येतात. संगणक कशासाठी शिकायचा या प्रश्नाला मी दिलेल्या कोणत्याही भाषणापेक्षा ते उत्तर अधिक पुढे जाते. याच प्रकल्पात रकमा पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवायला सांगावे, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथॉन नेमकी ०.३ दाखवत नाही हे आधी करून दाखवले की कारण वेगळे सांगावे लागत नाही.

चुकांच्या संदेशांसाठी भिंतीवर एक मोठा कागद लावावा. सिंटॅक्स एरर, नेम एरर, इंडेंटेशन एरर असे प्रत्येक नाव, त्याचा मराठी अर्थ आणि तो कोणाच्या प्रोग्रॅममध्ये सापडून कसा सुटला, हे मुलींनीच लिहावे. शिक्षकानेही स्वतःच्या चुका तिथे लिहाव्यात. नीटनेटक्या वहीसाठी कायम कौतुक झालेल्या मुलींना चूक पुसून टाकण्याची सवय असते, आणि या विषयात चूक वाचता येणे हे कौशल्य आहे.

आधीपासून येणाऱ्या आणि नव्याने शिकणाऱ्या

वर्गात ३-४ मुलींनी सुट्टीत एमएस-सीआयटी केलेले असते किंवा त्यांच्या घरी संगणक असतो. त्यांची भराभर उत्तरे ऐकून बाकीच्या स्वतःला मठ्ठ समजू लागतात. खरे पाहता तो फरक बुद्धीचा नसून यंत्रासमोर घालवलेल्या तासांचा असतो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या मुलींचे प्रमाण १९९५ मध्ये ७ टक्के होते ते २००० मध्ये ४२ टक्क्यांवर गेले. त्यामागच्या बदलांमध्ये पूर्वानुभवाला प्रवेशात दिलेले झुकते माप काढून टाकणे आणि अनुभवानुसार सुरुवातीचे वेगळे अभ्यासक्रम ठेवणे हे दोन महत्त्वाचे होते. शाळेत वेगळे वर्ग करता येत नाहीत, पण जाणकार मुलींना वेगळे आव्हान देता येते, त्यांना आपसांत जोडीला बसवता येते, आणि उत्तर देण्याआधी सर्वांना वहीत लिहायला १ मिनिट देता येते. त्यांना छोट्या शिक्षिका करून इतरांच्या यंत्रांवर पाठवू नये; त्या माउस हातात घेतात.

मूल्यमापन

टंकलेखनाच्या वेगाला आणि सजावटीला गुण देऊ नयेत. प्रोग्रॅम ओळीओळीने चालवून चलांच्या किमतींचा तक्ता करणे, चूक शोधून तिचे कारण लिहिणे, आणि स्वतःच्या प्रोग्रॅममधील कोणत्याही एका ओळीचे काम तोंडी समजावणे या तीन गोष्टींना मी समान गुण ठेवते. जोडीचे काम असले तरी तोंडी परीक्षा प्रत्येकीची स्वतंत्र घ्यावी. ५० मुलींना प्रत्येकी ३ मिनिटे दिली तर अडीच तास लागतात. हे काम ३ जोड तासिकांत विभागावे.

घर, फोन आणि सुरक्षितता

पालक सभेला आईला आवर्जून बोलवावे आणि मुलीकडूनच तिला यंत्रावर काहीतरी करून दाखवू द्यावे. फोनचा विषय तिथे निघतोच. मुलीच्या हाती फोन दिला की ती बिघडते, ही भीती पालक उघडपणे बोलतात, आणि तिला फटकारून ती जात नाही. छायाचित्रांचा गैरवापर, बनावट खाती, ओटीपी मागणारे फोन यांबद्दल मुलींना आणि पालकांना एकत्र बसवून सांगावे. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक कक्षाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. मुलीने काही सांगितले तर तिचा फोन किंवा विषय बंद होणार नाही, हे पालकांकडून त्याच सभेत कबूल करून घ्यावे. ही शिक्षा टळेल याची खात्री नसेल तर कोणतीही मुलगी तक्रार घेऊन पुढे येत नाही.

शाळा सुटल्यावर संगणक मंडळ चालवायचे असेल तर एसटीची वेळ पाहून चालवावे. बाहेरगावच्या मुलींची शेवटची सोयीची गाडी साडेपाचला असेल आणि मंडळ पावणेसहाला संपत असेल तर ते गावातल्याच मुलींचे मंडळ होते. मधल्या सुट्टीतील २५ मिनिटे किंवा शनिवारची सकाळची शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास जास्त जणींना जमतो. त्या वेळी कक्ष उघडा ठेवून शिक्षकाने फक्त तिथे बसून राहावे.

दहावीनंतरची तयारी

दहावीत नवा अभ्यास कमी आणि उजळणी जास्त होते, त्यामुळे डिसेंबरपर्यंत प्रत्येकीने एक पूर्ण प्रकल्प संपवलेला असावा. भिंतीवर एडा लव्हलेस यांचे चित्र जरूर असावे. १८४३ मध्ये त्यांनी चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्राकडून बर्नुली संख्या (गणितातील एक संख्यामालिका) काढून घेण्याची रीत लिहिली. परंतु शाळेची जी माजी विद्यार्थिनी आज जिल्ह्याच्या गावी बँकेच्या संगणक विभागात किंवा पुण्यात सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते, तिने एक तास येऊन तिच्या पहिल्या वर्षाच्या अडचणी सांगितल्या तर मुलींचे प्रश्न थांबत नाहीत: होस्टेल कसे मिळाले, घरून कोणी अडवले का, इंग्रजी कसे जमले.

फेब्रुवारीत जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयांची यादी करावी. अकरावी विज्ञानाला बायफोकल (व्यावसायिक) विषय म्हणून संगणकशास्त्र कुठे मिळते, जागा किती आहेत, शुल्क किती आहे आणि तिथे जाणारी एसटी किती वाजता आहे, हे चारही रकाने त्या यादीत असावेत. परीक्षेच्या शेवटच्या पेपरनंतर मुलींना एक दिवस शाळेत बोलवावे, ही यादी प्रत्येकीच्या हातात द्यावी आणि तिचा तीन वर्षांचा फोल्डर तिला देऊन टाकावा. ज्यांच्याकडे पेन ड्राइव्ह नाही त्यांच्या प्रकल्पाची छापील प्रत काढून, त्यावर त्यांचे नाव आणि तारीख घालून द्यावी.